मुठीचं माप

माझी मूठ अठ्ठेचाळीस ग्रॅमची आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी मला हे कळलं. कळून काय उपयोग झाला, ते अजून नीट सांगता येत नाही. घडलं तसं क्रमानं सांगायचा प्रयत्न करतो. मधेच माझा गोंधळ उडालेला दिसला, तर तो तेव्हाही तसाच उडाला होता असं समजावं.

आमच्या इमारतीच्या मधल्या खांबाला तडा गेला आणि एका सकाळी पालिकेच्या माणसांनी आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. एकूण एकशे छत्तीस माणसं. घाईत कोणी दागिने घेतले, कोणी कागदपत्रं घेतली. मी टपाल तोलायचा छोटा काटा घेऊन उतरलो. वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी तो मला दिला होता. तोच का घेतला, ते विचारू नये. धाकट्या बहिणीनं रस्त्यात विचारलं होतं, "दादा, आपण पत्रं खाणार आहोत का?"

दुरुस्ती होईपर्यंत आम्हाला एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्याच्या शेडमध्ये ठेवलं. प्लायवुड उभं करून खोल्या पाडल्या होत्या. पलीकडच्यानं कूस बदलली तरी आपल्याला कळायचं. सकाळ-संध्याकाळ पालिकेकडून पाव आणि चहा यायचा. दर सोमवारी माणशी धान्याची पिशवी मिळायची, कोणाला तांदूळ, कोणाला डाळ, कोणाला जव, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. दुपारचं जेवण मात्र आमचं आम्ही करायचं. त्यात लाकडाचा भुसा जिकडेतिकडे, म्हणून घरोघरी शेगडी पेटवायची नाही असा हुकूम. मागच्या पडवीत एक मोठी गॅसची शेगडी होती, तीच काय ती.

ती शेगडी बहिणीनं ताब्यात घेतली.

तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. तीस वर्षं ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज चारशे पोरं जेवायची. निवृत्त झाली आणि आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर राहायला लागलो, तेव्हा पहिलं वर्षभर तिचा अंदाज चुकत राहिला. दोघांसाठी दहा जणांचं व्हायचं. मग हळूहळू तिला थोडं शिजवायची सवय झाली, आणि मला का कोण जाणे वाटतं, त्याबरोबर तिचा आवाजही लहान झाला. शेडमध्ये आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी ती जुन्या शाळेत गेली आणि कमरेइतकं उंच पातेलं टेम्पोत घालून घेऊन आली. टेम्पोवाल्याला तिनं ज्या आवाजात "अरे, सांभाळून, बाळंतीण आहे असं समज!" असं म्हटलं, तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

तिची पद्धत सोपी होती. सकाळी आठच्या आत प्रत्येकानं पडवीत यायचं आणि आपली एक मूठ धान्य पातेल्यात घालायची. ज्याची त्याची मूठ. तांदूळ, डाळ, जव, सगळं एकत्र. वरून भुसा पडायचा, चिमण्या यायच्या, म्हणून पातेल्याच्या तोंडावर जाड चादर बांधली होती. शिंपीणबाईंनी चादरीच्या मधोमध एक बाही शिवून दिली होती. बाहीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ उघडायची, हात बाहेर काढायचा.

आठ वाजता बहीण चादर सोडायची, धान्य धुवायची आणि पाणी घालायची. पाण्याचं माप म्हणजे धान्याच्या वर बोटाची दोन पेरं. दुसऱ्या कढईत चमचाभर तेलावर कांदे जवळजवळ काळे होईपर्यंत परतायचे, कारण चव तिथून येते आणि तेल वाचतं. बाजारात टाकून दिलेली कोबीची वरची पानं, दांडे बारीक चिरून. बटाटे सालासकट. उकळी आली की शिळ्या पावाचा चुरा, म्हणजे दाटपणा येतो. मग गॅस बंद करून पातेलं पोत्यांत गुंडाळून ठेवायचं. "उरलेलं काम वाफ फुकट करते," ती म्हणायची. जव दाताखाली यायचा. कोणी तक्रार केली तर म्हणायची, "पोट भरायचं तर दातांनाही काम हवं. नुसतं गिळलं की तासाभरात परत भूक."

सात आठवडे ते पातेलं एकदाही कमी पडलं नाही. साडेबाराला एकशे छत्तीस माणसं जेवायची, काही दोनदा वाढून घ्यायची, आणि तळाशी थोडं उरायचंही.

मग पालिकेच्या अधिकारी बाई आल्या. तरुण, नेटक्या, हातात फाईल. वाईट मुळीच नव्हत्या.

"मावशी, जेवण उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण सामुदायिक स्वयंपाकघराला परवानगी लागते. किती माणसांना किती धान्य, ते लिहून द्यावं लागेल."

"माणशी एक मूठ," बहीण म्हणाली.

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ."

"कोणाची?"

"ज्याची त्याची."

बाईंनी पेन उघडलं, पुन्हा मिटलं. "असं मला नाही लिहिता येणार. आकडा नसेल तर परवानगी नाही, आणि परवानगी नसेल तर मग ठेकेदाराचे डबे सुरू करावे लागतील."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या आयुष्यात तिनं माझ्याकडे असं मदतीसाठी फार कमी वेळा पाहिलं असेल. मी म्हणालो, "माझ्याकडे काटा आहे."

आता वाटतं, गप्प बसलो असतो तर. पण तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता.

शनिवार आणि रविवार असे दोन दिवस मी पडवीत टेबल मांडून बसलो. चादर सोडून ठेवली होती. प्रत्येकानं आपली मूठ काट्यावर ओतायची, मी आकडा लिहायचा, मग ते पातेल्यात जायचं. लोकांना गंमत वाटली.

"काका, माझी मूठ पास की नापास?" टॅक्सीवाल्यानं विचारलं. त्याची सगळ्यात मोठी भरली, एकोणसत्तर ग्रॅम.

"हात आहे की फावडं?" शिंपीणबाई मागून म्हणाल्या.

"स्टिअरिंग धरून धरून झालाय, बाई. तुमचा सुई धरून झालाय तसा."

तळमजल्यावरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. त्यांची मूठ एकतीस ग्रॅमची. काटा वाचून त्या म्हणाल्या, "एवढीच? मला तर मोठी वाटत होती," आणि उगाच हाताकडे बघत राहिल्या.

त्या दोन्ही दिवशी जेवण थोडं कमी पडलं. बहीण म्हणाली, तुझ्या काट्याच्या गडबडीत धान्य सांडलं असेल. मलाही तसंच वाटलं.

सरासरी निघाली बावन्न ग्रॅम. मी तीनदा बेरीज केली. मग दुकानांत हिंडून बरोबर बावन्न ग्रॅम धान्य मावेल अशी स्टीलची वाटी शोधली. सुबक अक्षरात कागद लिहिला, ‘माणशी एक सपाट वाटी’, आणि पडवीच्या भिंतीवर चिकटवला. शेजारी यादी टांगली. वाटी घातली की नावापुढे खूण करायची. बाही शिवलेली चादर घडी करून ठेवून दिली, कारण त्या बाहीतून वाटी जात नव्हती. अधिकारी बाई खूश झाल्या. मीही.

मंगळवारी जेवण तीस ताटांना कमी पडलं.

मी हे सहज लिहितो आहे, पण ते दृश्य तसं नव्हतं. रांगेत माणसं उभी, आणि बहिणीचा डाव पातेल्याच्या तळाला घासल्याचा आवाज. तिनं तीस वर्षांत तो आवाज मुलांसमोर कधी येऊ दिला नव्हता, हे तिनं मला मागे सांगितलं होतं. ती खाली वाकून खरवडत राहिली, आणि वर बघेना. शेवटी पालिकेचा सकाळचा पाव वाटला.

"पाणी कमी पडलं का?" मी नंतर विचारलं.

"दोन पेरं."

"नेहमीचीच?"

"बोटं काय बदलून आणली मी?"

मी काटा तपासला. दुकानातली सीलबंद मिठाची पुडी ठेवून पाहिली, बरोबर. वाटी पुन्हा तोलली, बावन्न. यादी पाहिली. एकशे चोवीस खुणा होत्या. म्हणजे बारा माणसांनी वाटी घातली नव्हती, पण ती बारा माणसं जेवायलाही आली नव्हती, ते मी रांगेत मोजलं होतं. मग हिशेब तर तंतोतंत जमतो. मूठ तीच, माणसं उलट कमी, आणि अन्न अपुरं. मला काही केल्या समजेना. रोज सहा वेळा जिना चढणाऱ्या माणसाला एक दिवस एक पायरी कमी लागावी, तसं झालं.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी पुन्हा. आणि रोज खुणा कमी होत होत्या. गुरुवारी एकशे सतरा. लोक आता थट्टा करत नव्हते. वाटी घालताना एकमेकांच्या वाटीकडे बघायचे. कोणाची शिगोशीग भरली तर मागचा म्हणायचा, "सपाट, सपाट. लिहिलंय ना." कोणाची जरा खाली असली तरी तेच. एकानं चक्क पट्टी आणली होती, वरून फिरवायला. माझ्याच कागदामुळे.

गुरुवारी संध्याकाळी अधिकारी बाई आल्या. तक्रार पोचली होती.

"शनिवारी मी स्वतः जेवायला येते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना पुरलं तर परवानगीवर सही करते. नाही पुरलं, तर सोमवारपासून डबे. माफ करा, मावशी, पण लोकांना उपाशी नाही ना ठेवता येत."

"नाही ठेवता येत," बहीण म्हणाली. पुन्हा तो लहान आवाज.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "आपण वाटी मोठी करू. साठची."

"कशाच्या जोरावर साठ?"

"म्हणजे... अंदाजानं."

"मग तुझा काटा कशाला हवा?" ती म्हणाली आणि कढई घासायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी पुन्हा पातेलं लवकर संपलं. पण मी आधीच एक ताट बाजूला काढलं होतं. गवंड्याची बायको चार दिवस जेवायला आली नव्हती. नवरा दूरच्या कामावर, ही एकटी. मी ताट घेऊन तिच्या प्लायवुडसमोर खूप वेळ उभा राहिलो. परक्या बाईच्या दारात काय म्हणून हाक मारावी हे मला या वयातही कळत नाही. शेवटी खोकलो.

"कोण? काका? अहो, मला भूक नाही. पोट बिघडलंय."

"मग थोडंच घे, बाई. ताट गार होतंय."

तिनं ताट घेतलं आणि ज्या वेगानं ती जेवली, त्यावरून पोट बिघडलेलं दिसत नव्हतं. मी दुसरीकडे पाहत राहिलो. कोपऱ्यात तिची धान्याची पिशवी होती, घडी घालून ठेवलेली. रिकामी.

"आईकडे पाठवते," तिनं माझी नजर पाहून सांगितलं. "ती आपल्या इमारतीत राहत नव्हती ना, तिला पिशवी मिळत नाही. मंगळवारपर्यंत माझं संपतं."

"पण मग इतके दिवस तू मूठ..."

ती ताटाकडे बघत म्हणाली, "रिकामी घालायचे, काका. बाहीत हात घालायचा, मूठ उघडायची, काढायचा. आत कोण बघतंय? मागच्याला वाटायचं, घातली. तोलायच्या दिवशी शेजारून मूठभर उसनं आणलं. पण रोज वाटी रिकामी कशी नेऊ? आणि नाही घातली तर जेवायला कोणत्या तोंडानं येऊ?"

मी म्हणालो, "बरं, बरं," आणि बाहेर आलो.

आणि आता तर माझं डोकंच चालेना. म्हणजे आधीच्या सात आठवड्यांत काही मुठी रिकाम्या होत्या. मग पातेलं तेव्हाच कमी पडायला हवं होतं! रिकाम्या मुठी असताना पुरलं, आणि सगळ्या वाट्या भरलेल्या असताना पुरत नाही? मी पडवीतल्या स्टुलावर बसून कागदावर आकडे मांडायला लागलो. कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

शेजारी टॅक्सीवाला आपलं ताट विसळत होता. त्यानं माझ्या कागदाकडे पाहिलं.

"काका, एक बोलू? तुमची वाटी चुकली."

"मी तीनदा तोलली."

"तोललीत हो. पण दोनदा कशी घालायची?"

"दोनदा कशाला घालायची?"

त्यानं नळ बंद केला. "पहिल्याच दिवशी मी तीन ताटं जेवलो होतो. रात्रपाळी करून आलेलो. नंतर लाज वाटली. तेव्हापासून दोन मुठी घालायचो. बाहीत दोनदा हात घातला तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण वाटी दोनदा घातली, की मागचे म्हणणार, आला मोठा दानशूर! आणि तुमच्या यादीत खूण एकच."

"मग तोलताना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, मूठ केवढी. मूठ दाखवली. किती वेळा, असं कुठं विचारलंत?"

मी तडक शिंपीणबाईंकडे गेलो. त्या आधी कबूलच करेनात. मग म्हणाल्या, "माझा हात बारका. सगळ्यांत कमी माझंच पडतं की काय, असं वाटायचं. म्हणून वर थोडं. थोडं म्हणजे... जवळजवळ दुसरी मूठच." एका पोस्टमननं सांगितलं की त्याला जव आवडत नाही, म्हणून तो रोज चार-पाच मुठी जव पातेल्यात ढकलून मोकळा व्हायचा. "आता सगळा खाटेखाली साठलाय. हवाय का तुम्हाला?"

आणि तळमजल्यावरच्या काकू. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "मी दोन घालत होते रे. एक माझी, एक यांची. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण हात आपला दोनदा जातो. चहासुद्धा दोन कप टाकते मी. वाटी आली तेव्हा म्हटलं, बरंच झालं, सवय मोडेल." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पण नाही बरं वाटत."

मी पडवीत परत आलो तेव्हा बहीण उद्याचे कांदे सोलत होती. मी धावत आल्यासारखा सगळं सांगायला लागलो. तिनं सुरी खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला काय माहीत असणार? मी कधी बाहीत डोकावले नाही. आठ वाजता चादर सोडायची, धान्य असायचं. त्यावर दोन पेरं पाणी."

"उद्या सकाळी मी सगळ्यांना सांगतो. ज्याला जमेल त्यानं दोन घालाव्यात, आणि ज्याच्याकडे नाही त्यानं—"

"एक शब्द बोलायचा नाही!" तिनं असं म्हटलं की मी दचकलो. शाळेतल्या चारशे पोरांना गप्प करणारा आवाज. "बोललास की संपलं. मग कोण दोनवाला, कोण रिकामावाला, हेच बघत बसतील. ती पोरगी पुन्हा आडवी पडेल खोलीत पोट धरून."

"पण मग उद्या पुरेल कसं? लोकांना कळणार कसं?"

"मला माहीत नाही."

"आणि नाही पुरलं तर?"

"तर डबे," ती म्हणाली आणि कांदा हातात घेतला. तिचे डोळे कांद्यानं ओले झाले असतील. मी तसंच मानायचं ठरवलं.

संध्याकाळी मी भिंतीवरचा कागद काढला, यादी काढली, वाटी माझ्या पेटीत टाकली. चादर पातेल्यावर बांधली. गाठ नीट बसेना, शिंपीणबाईंनी येऊन बसवून दिली.

शनिवारी साडेसातलाच अधिकारी बाई हजर. पडवीच्या एका बाजूला कारखान्याचा मोठा, जमिनीवरचा तोलकाटा पडून होता. त्यावर त्यांनी रिकामं पातेलं ठेवून वजन करवून घेतलं होतं. भरल्यावर पुन्हा करणार होत्या. त्यांचीही फाईल होती, त्यांना तरी काय बोलायचं.

लोक यायला लागले. चादर पाहून काही जण थबकले.

"वाटी कुठंय, काका?"

"हरवली," मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. ते झालेच असणार.

"बरं झालं," कोणीतरी म्हणालं.

हात बाहीत जात होते, येत होते. आधीही मी हे शंभर वेळा पाहिलं होतं, पण लक्ष दिलं नव्हतं. आता लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि नजर हटेना. टॅक्सीवाल्याचा हात एकदा गेला की दोनदा? तो मधेच वळून काहीतरी बोलला, आणि मला कळलंच नाही. पोस्टमन जरा जास्तच वेळ उभा होता. काकूंना दोघींनी धरून आणलं. त्यांनी हात घातला, काढला, जरा विचारात पडल्यासारख्या उभ्या राहिल्या, आणि माझ्या मागे कोणीतरी शिंकल्यानं मी वळलो. परत पाहिलं तर त्या निघाल्या होत्या.

सगळ्यात शेवटी, आठला दोन मिनिटं कमी असताना, गवंड्याची बायको आली. मूठ घट्ट मिटलेली. बाहीत हात कोपरापर्यंत घातला, काढला. मान वर करून सरळ चालत गेली.

बाई हे सगळं बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मावशी, मीही आज जेवणार आहे. मग मी?"

"मग घाला हात."

"पण मी काहीच आणलं नाहीये."

"म्हणून काय झालं? घाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं. त्यांनी फाईल बगलेत धरली आणि बाहीत हात घातला. जरा वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा हाताला थोडा पिठूळपणा लागला होता. तो त्यांनी पुसला नाही.

आठ वाजले. पातेलं तोललं. नऊ किलो सातशे आणि वर थोडं. शुक्रवारी वाट्यांच्या हिशेबानं सहा किलोसुद्धा नव्हतं. बहिणीनं आकडा ऐकलाही नाही. तिनं चादर सोडली, धान्यात बोट उभं धरलं, आणि मी पाणी ओतायला लागलो.

"थांब. थांब! दोन पेरं म्हटलं की दोन पेरं."

साडेबाराला रांग लागली. बहीण वाढत होती. मी शेजारी झाकण धरून उभा होतो आणि मनात आकडे म्हणत होतो. नव्वदला पातेलं अर्ध्याच्या खाली गेलं. एकशे दहाला डाव खोल जायला लागला. बहीण कोणाला कमी वाढत नव्हती. मी हळूच म्हणालो, "जरा हात आखड." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि टॅक्सीवाल्याला वर अर्धा डाव जास्त घातला. एकशे छत्तीसावं ताट गवंड्याच्या बायकोचं. मग अधिकारी बाई. मग बहिणीनं डाव पातेल्यात फिरवला. तळाला लागला नाही. मऊ काहीतरी लागलं.

"उरलंय," ती म्हणाली. "कोणाला हवं?"

बाईंनी ताट पुढं केलं.

जेवून झाल्यावर त्यांनी फाईल उघडली, कॅल्क्युलेटर काढला. "नऊ किलो सातशे पंचवीस, भागिले एकशे सदतीस. माणशी एकाहत्तर ग्रॅम. लिहू?"

"पण—" मी म्हणालो. मला सांगायचं होतं की एकाहत्तर ग्रॅमची मूठ कोणाचीच नाही. मी प्रत्येकाची तोलली आहे, सगळ्यात मोठी एकोणसत्तरची. हा आकडा एकाही माणसाचा नाही. मग तो खरा कसा? आणि खोटा म्हणावा, तर जेवण पुरलं होतं. बहिणीनं माझ्या पायावर पाय ठेवला.

"लिहा," ती म्हणाली.

बाईंनी लिहिलं, सही केली. जाताना मला म्हणाल्या, "काका, तुमची बावन्नची वाटी होती ना, ती कशी काय चुकली?"

"मला अजून नीट कळलेलं नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

परवानगीचा कागद आता पडवीत आहे. बहिणीनं तो मिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलाय. डबे आले नाहीत. तिचा आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि काही लोक त्याची तक्रारही करतात.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रविवारी सकाळी मी माझी मूठ घालून आलो, चहा घेतला, वर्तमानपत्र वाचलं, आणि मला नेहमीसारखी शंका आली. दिव्याचं बटण बंद केलं का, दार लावलं का, तशी. आपण मूठ घातली का? घातल्यासारखी वाटते. पण ते काल असेल. उगाच कोणाचं फुकट खायला नको. मी पिशवीतून मूठ भरली आणि परत पडवीत गेलो.

बहीण कढई तापवत होती. मला बघून म्हणाली, "आलास? घाल."

"नाही, म्हणजे, मला आठवत नव्हतं की—"

"रोजच कुठं आठवतं तुला? रोज दोनदा येतोस. ते लांबलचक काहीतरी वाचत होतास त्या आठवड्यात तीनदासुद्धा."

मी मूठ मिटून तसाच उभा राहिलो. "मी?"

"नाहीतर कोण?"

"मग सांगितलं का नाहीस? मी आठवडाभर काटा, वाटी, बेरीज..."

"मला वाटलं, तुला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि वाटीच्या दिवसांत तू एकदाच येत होतास. यादीवर खूण असायची ना. तुला शंका यायला जागाच नव्हती."

माझी मूठ अठ्ठेचाळीस ग्रॅमची. पण मग माझी म्हणून नक्की किती, शहाण्णव? काही आठवड्यांत एकशे चव्वेचाळीस? तोलताना मी स्वतःची फक्त एकदाच तोलली होती आणि सुबक अक्षरात लिहिली होती.

"आता आत घालतोस का? तेल तापलंय माझं," बहीण म्हणाली.

मी बाहीत हात घातला. आत अंधार, थोडा गारवा, आणि आधीच्यांच्या धान्याचा ढीग बोटांना लागला. मूठ उघडली. हात बाहेर काढला आणि चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात पुन्हा तीच शंका आली. मागे वळून विचारावं म्हटलं, पण तिनं कढईत कांदे टाकले होते, आणि त्या आवाजात माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला नसता.